डब्लिनहून परत येताना

खोडाळ्याच्या बाजारात जयवंती भोये दिसली की अजून कोणीतरी शेजारच्याला कोपर लावून सांगतो, "ती बघ, इमानात बसून गेलती ती." एखादी धीट पोर जवळ येऊन विचारते, "मावशे, खाली काय दिसतं गं वरून?" जयवंती म्हणते, "ढग." आणि पिशवी उचलून चालायला लागते. लोकांना वाटतं, बाईला गर्व चढलाय. गर्व कसला! वरून तिने काय पाहिलं ते तिचं तिला माहीत आणि ते बाजारात उभ्याने सांगण्यासारखं नाही.

जयवंती मूळची वावर गावची. लग्न करून खोडाळ्याच्या वरच्या अंगाला एका पाड्यावर आली. नवरा फागू. उंच, हाडकुळा, बोलायला कमी आणि हसायला त्याहून कमी. उतारावर भात, वरच्या वरकस जमिनीत नागली, एक बैलजोडी, आणि शेती आटपली की दोघं भिवंडीकडे वीटभट्टीवर कामाला. पहिला मुलगा ब्याण्णव साली गेला. तेव्हा ती माहेरी वावरला होती. पोर काही दिवसांपासून चोखत नव्हतं, हातपाय काड्यांसारखे झाले होते. ती आणि तिची आई त्याला घेऊन जव्हारच्या वाटेने चालत निघाल्या. ओहोळ भरले होते. तिसऱ्या ओहोळापाशी आईने पदर बाजूला करून पोराच्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाली, "जयवंती, आता घाई नको करूस." त्या वर्षी तिकडे अशी पुष्कळ पोरं गेली. पुढे वर्तमानपत्रांतून आलं, गाड्या आल्या, साहेब आले. जयवंतीच्या पोराला त्याचा काय उपयोग?

पुढे काही वर्षांनी योगिता झाली. तिला जयवंतीने आश्रमशाळेत घातलं. सुट्टीत घरी आली तरी चुलीपाशी बसू द्यायची नाही, पुस्तक घेऊन बस म्हणायची. पोर हुशार निघाली आणि नर्स झाली. ठाण्याच्या एका दवाखान्यात लागली, तिथेच दिपेश भेटला. तो विक्रमगडकडचा, तोही नर्सच. दोघांनी लग्न केलं, इंग्रजीची परीक्षा दिली आणि एके दिवशी फोनवर सांगितलं, "आये, आमी आयर्लंडला चाललो. डब्लिन म्हणून शहर हाय."

फागूने फोन हातात घेतला. "किती लांब हाय ते?"

दिपेश म्हणाला, "बाबा, मुंबईहून विमानाने साडेसात हजार किलोमीटर. सरळ विमान नाही. मध्ये दोह्याला उतरून दुसऱ्यात बसायचं. सगळं धरून पंधरा-सोळा तास."

फागूने जरा विचार केला. साडेसात हजार त्याच्या डोक्यात शिरलं नाही. तास शिरले. "म्हंजे आपण ट्रकमधनं भट्टीवर जायचो, गाडी बंद पडली तर लागायचे तितके," तो जयवंतीला म्हणाला. "लांब नाय." आणि त्याने ते मनाला पटवून घेतलं. पाड्यावर कोणी विचारलं तर सांगायचा, पोर सोळा तासांवर आहे. जणू पोरीने हाक मारली तर सकाळी भाकरी बांधून निघावं आणि रात्री पोचावं.

योगिताला दिवस गेले तेव्हा तिने आईला बोलावलं. दोघांच्या ड्युट्या वेगवेगळ्या, तिथे शेजारी कोणाला हाक मारायची सोय नाही, आणि पहिलं बाळंतपण. जयवंती तेव्हा अंगणवाडीत मदतनीस होती. एवढी लांब रजा मिळणार नाही म्हटल्यावर तिने काम सोडलं. फागूला तिने विचारलं, "जाऊ का?"

"जा की. तुझी पोर हाय."

"तुझी नाय?"

"माझीबी हाय. पण बैलांना कोण बघंल?" मग म्हणाला, "पोरगी झाली तर माझे आयचं नाव ठेवा म्हणावं. माघी."

भाताच्या रोपांच्या जागी राब भाजून झाले आणि एप्रिलच्या शेवटी जयवंती निघाली. दिपेशच्या ओळखीची एक केरळची नर्स सुट्टीवरून परत चालली होती, तिच्याबरोबर त्यांनी तिला धाडलं. फागू आणि त्याचा धाकटा भाऊ रोहिदास मुंबईच्या विमानतळापर्यंत आले. रोहिदास मोखाड्याला जीप चालवायचा. काचेच्या दारापाशी पोलिसाने दोघांना अडवलं. फागू तिथेच कठड्याला टेकून उभा राहिला. जयवंतीने आत जाऊन मागे बघितलं तर त्याने हात वर केला, पण हलवला नाही. नुसताच वर धरला. शेतात आपण कुठे आहोत हे दाखवायला धरतात तसा.

डब्लिनमध्ये दोन खोल्या, वरच्या मजल्यावर. खिडकीतून समोरच्या घरांच्या विटा दिसायच्या. भट्टीवर आयुष्य काढलेल्या बाईला विटांचं काय कौतुक, पण त्या विटा फार सरळ लागल्या होत्या आणि ती बराच वेळ बघत बसायची. बरोबर आणलेल्या नागलीच्या पिठाच्या भाकरी ती विजेच्या शेगडीवर थापायची. थंडी हाडात शिरायची. सगळ्यात नवल उजेडाचं. योगिता म्हणाली होती, इथे उन्हाळ्यात दहा वाजेपर्यंत दिवस मावळत नाही. फागूला ते पटेना. तो रोज संध्याकाळी कामं आटपून पाड्यामागच्या टेकडीच्या टेपावर चढायचा, तिथेच फोन लागायचा. "आता काय हाय तिकडं?" तो विचारायचा.

"दुपार हाय."

"अजून?" त्याला हसू यायचं. "आमी जेवलो. कोंबड्या झाकल्या. आणि तुमची दुपारच सरंना."

बाळ वेळेच्या आधीच आलं. पोट फाडून काढावं लागलं. मुलगीच होती. एवढीशी, कणसासारखी. तिला काचेच्या पेटीत ठेवलं. पेटीला हात घालायला गोल भोकं होती. जयवंती हात धुऊन त्यातून एक बोट आत घालायची आणि ते बाळ ते बोट धरायचं. योगिताचे टाके दुखायचे, तिला बसवत नसे. दुपारभर पेटीपाशी जयवंतीच बसायची. तिने फागूला सांगितलं, "माघी आली." फागूने विचारलं, "जगंल ना?"

"जगंल. इथं दवाखाना चांगला हाय."

"तवा सोडून येऊ नको तिला. मी बघतो इकडचं."

जूनमध्ये पेरण्या सुरू झाल्या. फागू एके दिवशी म्हणाला, अंग कसकसतंय. दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला नाही. तिसऱ्या दिवशी रोहिदासचा आला. "वयनी, दादाचा ताप उतरंना. डोळे पिवळे झालेत. जव्हारला आणलाय." एक दिवस गेला आणि पुन्हा फोन आला. "नाशिकला हलवलाय. लघवी बंद झाली. डॉक्टर म्हणतो, घरची माणसं बोलावून घ्या."

योगिता आणि जयवंती समोरासमोर बसल्या. मध्ये बाळंतिणीसाठी आणलेला डिंकाचा डबा. योगिताला उठून उभं राहायलाही कोणीतरी लागत होतं. बाळ पेटीत. दिपेशची हक्काची रजा संपलेली. जायचं तर जयवंतीनेच, हे दोघींना कळत होतं.

"आये, तू जा," योगिता म्हणाली.

"बाळाजवळ कोण बसंल?"

"नर्स हायेत तिथं."

"नर्स हायेत गं. पण जवळ कोण बसंल?"

योगिता रडायला लागली आणि टाक्यांवर हात दाबून धरून रडली. जयवंतीने तिच्या केसांतून हात फिरवला. पोरीच्या वतीने तिचा बापही गाठायचा होता, आणि पोरीला सोडवतही नव्हतं.

दिपेशने तिकीट काढलं. म्हणाला, "आई, तुम्ही चाकाच्या खुर्चीत बसायचं. तुम्हाला चालता येत नाही असं सांगून ठेवलंय."

"माझे पाय धड हायेत."

"पाय धड आहेत, पण वाट ठाऊक नाही ना. खुर्ची ढकलणाऱ्याला ठाऊक असते. तो तुम्हाला एका विमानातून काढून दुसऱ्याच्या दारात नेऊन सोडेल."

अशी ती डोंगर चढणारी बाई पाय जवळ घेऊन, मांडीवर पिशवी धरून खुर्चीत बसली. एका गोऱ्या मुलाने तिला ढकलत नेलं. लोक बाजूला होऊन वाट देत होते आणि ती खाली मान घालून बसली होती.

विमानात तिच्या शेजारी गोरखपूरकडचा एक माणूस होता. डब्लिनला हॉटेलात भांडी घासायचा, बहिणीच्या लग्नाला चालला होता. भट्टीवर शिकलेलं हिंदी जयवंतीला उपयोगी पडलं. समोरच्या छोट्या पडद्यावर नकाशा होता, आणि नकाशावर पांढरं विमान. तो तिला सांगत होता, हा समुद्र, हे तुर्कस्तान, आता इथून खाली दोहा. तिला वाचता येत नव्हतं, पण विमान पुढे सरकतंय एवढं कळत होतं. ते सरकलं की तिच्या जिवाला बरं वाटे. ती झोपली नाही. डोळे मिटले तर ते थांबेल असं तिला वाटत होतं.

आणि मग नकाशावरच्या विमानाने तोंड फिरवलं.

तिच्या लक्षात आधी आलं. तिने शेजाऱ्याला हलवलं. तो बघत राहिला आणि म्हणाला, "अम्मा, जहाज घूम गया." माणसं उठून उभी राहिली. कोणीतरी ओरडलं. वरून इंग्रजीत काही सांगितलं, त्याने ऐकून तिला समजावलं. पुढे लढाई चालू आहे, क्षेपणास्त्रं सुटली आहेत, तिकडचं आकाश बंद केलंय.

"आकाश कसं बंद करतात?" जयवंतीने विचारलं.



विमान तुर्कस्तानात उतरलं. तिथे तिला पुन्हा खुर्चीत बसवून एका खांबाला लावून ठेवलं आणि ढकलणारा निघून गेला तो गेलाच. हजार माणसं. कोणी जमिनीवर झोपलेली, कोणी टेबलापाशी भांडणारी. कितीतरी वेळ वाट बघून ती उठली आणि चालायला लागली. एक गणवेशातली बाई धावत आली, हातवारे करून तिला परत खुर्चीत बसवलं आणि वरून पट्टा लावला. बाई वाईट नव्हती, तिने पाण्याची बाटली आणून दिली. पण जयवंतीला त्या पट्ट्याने रडू फुटलं. एवढा वेळ नव्हतं फुटलं.

गोरखपूरवाला तिला शोधत आला. तिच्या फोनला तिथे रेंज मिळत नव्हती, त्याने आपल्या फोनवरून रोहिदासला लावून दिला.

"वयनी, दादा हाय अजून," रोहिदास म्हणाला. "कुठं पोचलीस?"

"मधीच उतरवलंय. आकाश बंद हाय."

"काय बंद हाय?"

तिने पुन्हा सांगितलं नाही. "त्याला सांग मी निघालीये. कानात सांग."

दुसऱ्या दिवशी त्यांना दोह्याला नेलं. आकाश उघडलं होतं, पण जमिनीवर माणसांचा नुसता बाजार भरला होता. ज्यांची विमानं चुकली ते सगळे तिथे. पाट्यांवर अक्षरं पळत होती आणि लाल होत होती. मुंबईचं विमान कधी, हे टेबलावरच्या कोणालाच सांगता येत नव्हतं. तिथे रोहिदासचा फोन आला. गोरखपूरवाल्याने नंबर बघितला आणि फोन तिच्या हातात दिला.

"वयनी, दादा गेला."

समोर एक बाई लेकराला केळं भरवत होती. जयवंती ते बघत राहिली. "जवळ कोण होतं?"

"मी होतो."

"बरं झालं."

 रोहिदास म्हणाला, "त्र्यंबकवरनं गाडीतनं आणतोय आता. पाड्यावर सगळी जमलीत. पाऊस जरा उघडलाय. म्हातारी माणसं म्हणतात, परत लागला तर सरण पेटायचं नाय, आजच करा. वयनी, तू किती वेळात येशील तेवढं सांग. तू म्हणशील तितकं थांबू."

तिने गोरखपूरवाल्याला विचारलं. तो पाटीपर्यंत गेला, माणसांतून वाट काढत टेबलापर्यंत गेला, परत आला. "अम्मा, कुछ लिखा नहीं है."

इथून मुंबई फार लांब नव्हती. विमान उडालं तर जेवणवेळ टळायच्या आत पोचलं असतं. दिपेशनेच सांगितलं होतं तिला येताना, दोहा आलं की घर आलंच समजा. ती घराच्या दारात आल्यासारखीच होती.

"रोहिदास, थांबू नका."

"वयनी, बर्फ आणतो. एक दिवस ठेवू. तू तोंड तरी बघशील."

"कवा येईन ते मलाच ठावं नाय. त्याला असा पडून नको ठेवूस. पाऊस उघडलाय तवर उरकून घ्या." मग तिला आठवलं म्हणून म्हणाली, "नवी टोपी घरच्या पेटीत हाय. ती घाल."

फोन परत देताना तिने तो आपल्या पदराने पुसला. त्या माणसाने तिच्या खुर्चीपाशी जमिनीवर बसकण मारली आणि विमान लागेपर्यंत तो तिथून उठला नाही. त्याच्याही बहिणीची हळद तोवर होऊन गेली होती.

मुंबईला रोहिदास एकटाच आला होता. डोक्यावरचे केस काढलेले. ती खुर्चीतून उठून चालायला लागली तेव्हा ढकलणारा मुलगा चकित होऊन बघत राहिला. कसाऱ्याच्या बाजूने ते वर आले.  खोडाळा मागे टाकल्यावर ती म्हणाली, "घरी नको. आधी तिकडं."

ओढ्याकाठी एक काळा ओला पट्टा होता. रात्रभर पाऊस पडला होता. राख धुऊन गेली होती, दोनचार अर्धवट जळलेली लाकडं आणि फुटलेलं मडकं उरलं होतं.

"इथं?"

"इथंच."

ती उभी राहिली. मातीला हात लावून बघितला. माती गारच होती. तिला आपल्याच घरातल्या माणसाची जागा दुसऱ्याला विचारावी लागली, याचंच तिला पुढे कितीतरी दिवस वाईट वाटत राहिलं.

त्यानंतर ती ज्याला त्याला विचारायला लागली. शेवटी तो काय बोलला? माझं नाव काढलं का? मी निघालीये हे त्याला कळलं का? रोहिदासने खरं तेच सांगितलं. "वयनी, तोंडात नळी होती. मी कानात सांगितलं. डोळे मिटलेलेच होते. कळलं का नाय, मी कसं सांगू?" तिला वाटायचं, तो लपवतोय. पुन्हा विचारायची. पाड्यावरची माणसं तिला टाळायला लागली. शेवटी रोहिदासची बायको पोशी एकदा तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "तुझं नाव घेतलं होतं गं. जयवंती आली का, असं म्हणाला."

पोशी नाशिकला गेलीच नव्हती. जयवंतीला ते ठाऊक होतं.

"परत सांग," ती म्हणाली. पोशीने परत सांगितलं. ते ऐकून घेऊन जयवंती उठली आणि त्यानंतर तिने कोणालाच काही विचारलं नाही.

भाताच्या आवणीला ती रोहिदासच्या घरच्यांबरोबर चिखलात उतरली. बैल विकले. अंगणवाडीत तिच्या जागी पाड्यावरचीच नवशी लागली होती, तिला कोण कशाला काढणार? तिकडे माघी पेटीतून बाहेर आली, घरी आली, पण श्वासाला अधू राहिली, सारखी दवाखान्यात न्यावी लागे. योगिताची रजा संपत आली. तिने पुन्हा आईसाठी व्हिसाचा अर्ज केला. तो नामंजूर झाला. जयवंतीला हे समजेना. गेल्या वेळी दिला, मग आता काय झालं?

दिपेश फोनवर अडखळत बोलला. "आई, नक्की कारण मला पण ठाऊक नाही. पण मागच्या वेळी बाबा होते, बैल होते, तुमचं काम होतं. परत जायला घर आहे असं दिसत होतं. आता त्यांना वाटलं असेल, ही बाई इकडेच राहील."

जयवंती म्हणाली, "बरं." दुसरं काय म्हणणार?

पुन्हा एकदा अर्ज केला, पुन्हा तेच झालं. योगिता म्हणाली होती दिवाळीला येते, पण माघीला विमानात न्यायला तिथल्या डॉक्टरांनी मनाई केली. मग मार्च म्हणाली. मार्चमध्येही मनाईच होती. आता ती महिना सांगत नाही. माघीला एका परक्या बाईकडे सोडून ती ड्युटीवर जाते. जयवंती टेपावर चढते तेव्हा तिकडे दुपार असते आणि योगिताची पाळी लागायची असते. कधी पडद्यावर माघी दिसते. फोनमधल्या बाईकडे बघून ती रडायला लागते, तिला ओळख नाही. योगिता तिला बाजूला करते.

परवा योगिताच रडायला लागली. "आये, मी बाचं तोंड बघितलं नाय. तूबी नाय बघितलंस. आणि तुला तरी मी कवा बघणार?"

 जयवंतीने खाली पाड्याकडे बघितलं. घरांतून धूर निघाला होता. तिच्या घरातून निघाला नव्हता.

"रडू नको," ती म्हणाली. "तोंड धू. ड्युटीला उशीर होईल."